तीनशे बारा माणसांचं विलेर

पिंपळखडकच्या पोरांना स्वतःच्या गावचा ओढा कुठं उगवतो असं विचारलं, तर ती एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. विलेरचा ओढा विचारला, तर चौथीतलं शेंबडं पोरही हात पाठीमागं बांधून सुरू व्हायचं. "विलेर हे फ्रान्स देशातील खेडेगाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून दोनशे ऐंशी फूट. माती वर काळी, खाली पांढरा चुनखडक. ओढा एक, बारमाही. मुख्य पिके गहू व साखरेचे बीट. लोकसंख्या तीनशे बारा." एवढं म्हणून झालं की शलमोन मास्तर मान डोलवायचा आणि म्हणायचा, "शाबास. बस खाली."

आता नगर जिल्ह्यातल्या माळावरच्या पोरांना फ्रान्समधल्या खेड्याचा भूगोल कशाला, असं कुणीही विचारील. शाळातपासनिसानंही विचारलं होतं. शलमोन भिंगारदिवे हा मिशनच्या एकशिक्षकी शाळेचा मास्तर. पंचवीस वर्षांपूर्वी, पहिल्या मोठ्या लढाईत, तो मजुरांच्या पलटणीतून फ्रान्सला जाऊन आला होता. त्यानं तपासनिसाला सांगितलं, "साहेब, पुस्तकातला भूगोल मी नुसता वाचलाय. विलेरचा मी खोऱ्यानं उपसलाय." तपासनीस हसला आणि शेरेबुकात 'शिक्षक उत्साही आहे' असं लिहून गेला.

उपसलाय हे मात्र शब्दशः खरं होतं. पलटण विलेरला पोचली तेव्हा तिथं गाव नव्हतंच. तोफांनी घराला घर ठेवलं नव्हतं. विटांचा चुरा, मोडकी झाडं आणि गुडघ्याएवढा चिखल. त्या चिखलात एक म्हातारा लाकडी जोडे घालून, काखेत एक चोपडी मारून दिवसभर फिरायचा. तो गावचा मेयर, म्हणजे आपल्याकडचा पाटील. चोपडी लिहिली होती तिथल्या शाळामास्तरानं, लढाईच्या तीस वर्षं आधी. तिच्यात तीन प्रकरणं होती, भूगोल, इतिहास आणि उद्योगधंदे, आणि शेवटी घरांची यादी. मेयर चोपडीत बघायचा, पावलं मोजायचा आणि काठी रोवून म्हणायचा, इथं खणा. खणलं की खरोखर उंबरा लागायचा.

पलटणीबरोबर मिशनचा एक पाद्रीसाहेब होता, त्याला फ्रेंच यायचं आणि मराठीही. संध्याकाळी तो ती चोपडी वाचून दाखवायचा आणि शलमोन आपल्या गायनाच्या वहीत मागच्या बाजूनं ती मराठीत उतरून घ्यायचा. स्पेनच्या फौजेनं विलेर जाळलं, मग साथीनं अर्धं गाव नेलं, मग प्रशियाचे घोडेस्वार येऊन गेले, आणि दर वेळी माणसं परत तिथंच येऊन बसली. तिथल्या बायका तळघरात बसून जवसाच्या धाग्याचं कापड विणायच्या, कारण ओल्या हवेत धागा तुटत नाही. आणि शेतात पांढऱ्या मुळ्यासारखं बीट पिकायचं, त्याची शेजारच्या गावातल्या कारखान्यात साखर व्हायची.

ही साखर पिंपळखडकला कधीच पचली नाही. "जमिनीखाली साखर?" बन्सी पाटील चावडीवर म्हणायचा. "म्हंजे मुळा बुचकाळून च्या ग्वाड करतेत म्हना की!" बेलापूरकडं उसाचा कारखाना सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळं साखर उसाची हे पाटलाला छातीवर हात ठेवून माहीत होतं.

पाटलाला खरी बोचणी दुसरीच होती. विलेर तीनशे बारा, आणि पिंपळखडक? शलमोननं शाळेच्या कामासाठी केलेली मोजणी होती दोनशे एकसष्टची. पाटलाच्या घरी नातू झाला तेव्हा पाटलानं पेढ्याच्या आधी विचारलं होतं, "मास्तर, आता किती?" बासष्ट म्हटल्यावर गडी खूश झाला. पंधरा दिवसांत एक म्हातारा गेला आणि गाव परत एकसष्टवर आलं. त्या दिवशी पाटील मयताला गेला तो दुहेरी दुःखानं गेला, असं लोक म्हणायचे.

शलमोनची एक आवडती गोष्ट होती. ती तो दर वर्षी चौथीला सांगायचा. विलेरची सगळी घरं सापडली, देऊळ सापडलं, विहीर सापडली, तरी मेयर थांबेना. गावापासून मैलभर लांब चुन्याची एक जुनी भट्टी होती. तिच्यात चिंध्या गोळा करणारी एक म्हातारी राहायची. मेयर म्हणाला, भट्टी शोधा. पलटणीचा सार्जंट भडकला. पावसात अर्धा दिवस घालवून शलमोन आणि त्याच्या सोबत्यांनी भट्टी उकरली तेव्हा तिच्यात काही नव्हतं, एक फुटका तवा तेवढा निघाला. मेयरनं चोपडीत खूण केली आणि पाद्रीसाहेबाला काहीतरी सांगितलं. साहेबानं मराठीत सांगितलं, "तो म्हणतो, तिला सोडली तर तीनशे अकरा होतात. तीनशे अकरांचं गाव हे नव्हे." पोरं खो खो हसायची. फुटक्या तव्यासाठी अर्धा दिवस! शलमोनही हसायचा.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात दुसरी लढाई पिंपळखडकच्या दारात आली. तोफा नव्हे, कागद आला. रणगाड्यांच्या सरावासाठी माळावरची गावं सरकार घेणार होतं. दिवाळीच्या आत गाव रिकामं करायचं. कागद घेऊन आलेला मोजणी कारकून बरा माणूस होता, आवाज न चढवता बोलत होता. त्यानं चावडीवर सगळ्यांना जमवून सांगितलं, "शेतांचे नकाशे आमच्याकडं आहेत. गावठाणातल्या घरांचं मात्र कुठंच काही लिहिलेलं नाही. कुणाचं घर कुठं, त्याला शेजार कुणाचा, हे पंचांनी लिहून सह्या करून द्यायचं. ज्याचं घर लेखी, त्याला मुळा नदीच्या काठच्या गायरानात नवीन जागा मिळेल, त्याच शेजारानं. ज्याचं लेखी नाही, त्याचं मी काही करू शकत नाही. पोळा झाला की मी परत येईन."

चावडीवर काही जण रडले, काही जण भांडले, पाटलानं सरकारच्या आईबापांवरून दोन शिव्या हासडल्या. शलमोन चावडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. त्याची जागा तीच होती. त्याच्या डोळ्यांपुढं चिखलातला तो म्हातारा उभा राहिला, आणि पाठोपाठ दुसरं आठवलं. विलेरचा ओढा बारमाही आहे हे आपल्या पोरांना पाठ आहे, आणि पिंपळखडक उद्या नांगरलं तर इथं गाव होतं हे सांगायला एक ओळ नाही. "पाटील," तो उठून म्हणाला, "चोपडी मी लिहितो. जशी विलेरची होती, तशीच. कुणाचा उंबरा सुटणार नाही."

"तुमीच लिवा," पाटील म्हणाला. "तुमच्याबिगर हाय कोन? शीव तर तुमच्या घरात हाय."

ते खरं होतं. शलमोनचा आजा ख्रिस्ती झाला, पण शलमोनच्या आधीच्या सात पिढ्या गावचे महार, आणि गावची शीव दाखवायचं काम महाराचं. दोन गावांत बांधावरून भांडण लागलं की महारानं डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन शिवेवरून चालायचं, आणि तो चालेल ती शीव. धर्म बदलला तरी हे काम सुटलं नाही. शलमोन लहानपणी बापामागं ती वाट दोनदा चालला होता. बाप वेशीत उभा राहायचा, गावाकडं तोंड करायचा आणि बोलायला लागायचा. उजव्या हाताला चिंच, चिंचेपासून ओढा, ओढ्यापासून म्हसोबाचा दगड, आणि असं करत करत परत वेशीत.

शलमोननंही तसंच केलं. वेशीत उभा राहिला, गावाकडं तोंड केलं आणि चालायला लागला.

शाळा सुटली की रोज वही घेऊन निघायचा. ओढ्याच्या नावापासूनच घोळ. वरची माणसं त्याला कातळओढा म्हणायची, खालची सासवा. दोन्ही लिहिली. उंची किती ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यानं लिहिलं, 'नगरच्या किल्ल्याहून वर, डोंगरगणच्या टेकडीहून खाली.' इतिहासाला म्हाताऱ्यांना बसवलं. शहात्तरचा दुष्काळ, प्लेगात माळावर घातलेली झोपडी, पहिल्या लढाईच्या शेवटी आलेल्या मानमोडीच्या तापात एका आठवड्यात गेलेली एकोणीस माणसं. एकोणिसाव्याचं नाव आठवेना, तर त्यासाठी तो शेजारच्या गावात दिलेल्या मुलीपर्यंत चालत गेला आणि नाव घेऊन आला. उद्योगात बाजरी, हुलगा, चिंचा आणि धनगरांची घोंगडी आली. तिथं त्यानं एक ओळ जादा घातली, 'साखर होत नाही.'

मग घरं. आपल्याकडं घराची ओळख चार बाजूंनी होते, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस, उत्तरेस. चोपन्न घरं होती. नऊ घरं दक्षिणेला गावकुसाला लागून होती, तिथं तो लिहायचा, 'दक्षिणेस गावकूस.'

त्या नवातलं एक घर दगडाबाईचं. साठीची एकटी बाई, नवरा कधीच गेलेला, जिभेला हाड नाही. तिनं त्याच्या खांद्यावरून वहीत डोकावून विचारलं, "काय लिवलंस रं माज्या मागं?"

"गावकूस."

"कसलं कूस घिऊन बसलास! खिंडार हाय नुसतं. तुजी हन्ना त्या खिंडारात हुभी राहून दिसभर माज्याशी बोलती. तिची कोंबडी माज्या वळचनीला अंडं घालती, आन् मी बसल्या जागंवरून तिच्या पदरात टाकते."

"म्हणजे पडकं लिहू?"

"लिव, पडकं लिव. खोटं कशाला लिवायचं?"

त्यानं 'गावकूस (पडके)' असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेला. एवढं कानात ओतलं तरी त्याच्या डोक्यात शिरलं नाही. माणसाला सवय लागली की डोळे उघडे ठेवूनही दिसत नाही, आणि मास्तर माणसाला तर जास्तच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कारकून आला. चावडीवर सतरंजी पडली. सगळं गाव जमलं. वर पंच आणि गावकरी, खाली पायऱ्यांपाशी बाहेरच्या आळीची माणसं. या आळीला गाव महारवाडा म्हणायचं आणि मिशनवाले ख्रिस्तवाडी. बारा घरं होती, आठ ख्रिस्ती आणि चार जुन्याच धर्मातली. शाळेचं पत्र्याचं छपरही त्याच आळीत होतं, कारण मिशननं ते तिथं बांधलं. पाटलाची पोरंसुद्धा वेस ओलांडून तिथंच शिकायला येत होती, दुसरी शाळा चार कोसांवर असल्यानं.

शलमोन वाचायला उभा राहिला. त्याचा आवाज आधीच भरदार, त्यात उन्हाळ्यापासूनची मेहनत. ओढ्याची दोन नावं आली तेव्हा वरचे आणि खालचे दोघेही खूश झाले. मानमोडीतली एकोणीस नावं वाचली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. म्हसोबाचा दगड, पाटलाची विहीर, फुटकं जोतं, कुणाच्या दारातला शेवगा, सगळं आलं. लोकांना पहिल्यांदाच कळत होतं की आपण राहतो ती एक जागा आहे आणि ती अशी वाचून दाखवता येते. पाटलासारखा पाटील, पण तोही नाक ओढत होता.

शेवटी शलमोननं वाचलं, "लोकसंख्या दोनशे एकसष्ट. वर लिहिलेल्या घरांशिवाय या गावात दुसरे घर नाही." ही शेवटची ओळ कारकुनानंच आधी सांगून ठेवली होती, पंचांच्या सहीसाठी. वही वर गेली, पाटलानं लेखणी हातात घेऊन सही ठोकली आणि वही मास्तराकडं परत आली.

तेवढ्यात खालून हन्ना उठली. शलमोनची बायको. मिशनच्या बोर्डिंगात चार यत्ता शिकलेली, चारचौघांत कधी न बोलणारी. ती भांडायला उठली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं शलमोनला पुढं आयुष्यभर वाटत राहिलं. ती नुसती विचारत होती.

"मास्तर," ती म्हणाली. घरात ती त्याला मास्तर म्हणत नव्हती. "आपली आळी कंच्या पानावर हाय?"

शलमोननं वही उघडली. पान उलटलं, दुसरं उलटलं. सगळी वही त्याच्याच हाताची, कुठल्या पानावर काय आहे ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तरी तो उलटत राहिला.

"मी वाट बघत हुते," हन्ना म्हणाली. "म्हनलं, शेवटाला तरी यील." मग म्हणाली, "विलेरच्या भट्टीतली म्हातारी तुमाला घावली. पावसात उकरून काढली. अर्धा दिस लागला म्हनता. मी तर रोज तुमच्यासमोर भाकरी ठिवते."

शलमोनचे कान गरम झाले. बाप वेशीत उभा राहून गावाकडं तोंड करायचा, तेव्हा बापाच्या पाठीमागं काय असायचं? पाठीमागं आपली आळी असायची, आपलं घर, आपली आई. शीव सांगणाऱ्यानं सगळं सांगायचं, आपण कुठून आलो ते मात्र सांगायचं नाही. सात पिढ्या तसंच सांगत आल्या, आणि आठवी पिढी शिकली, फ्रान्सला गेली, मास्तर झाली, आणि तिनंही तेच शाईनं लिहिलं. ज्या शाळेच्या छपराखाली बसून त्यानं ही वही लिहिली, ती शाळासुद्धा वहीत नव्हती. पंचवीस वर्षं दोनशे एकसष्ट, दोनशे एकसष्ट करताना त्यानं स्वतःला एकदाही मोजलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. पाटलाचा नाही, कारकुनाचाही नाही, स्वतःच्या त्या वळणदार अक्षराचा.

"अवो, त्यात काय येवडं," पाटील म्हणाला. तो वाईट मनानं बोलत नव्हता. "ऱ्हायलं चुकून. मागं एक पान जोडा. तुमची आळी आपली शेवटी. जितं असती तितंच."

"नाही," शलमोन म्हणाला.

"आँ?"

"मागं पान जोडणार नाही. मागं जोडलं की नव्या गावातही मागंच जागा पडेल, पाटील. वस्तीच्या पलीकडं, खालच्या अंगाला. तिथं एकदा घर बसलं की पुढच्या सात पिढ्या तिथून हलत नाही."

पाटलानं कारकुनाकडं बघितलं. कारकून स्वतःच्या टिपणवहीतून मान वर न काढता नव्या गावठाणाचा आराखडा मांडीवर पसरून बसला होता. त्याला या भांडणापेक्षा वेगळीच अडचण होती. "मास्तर," तो म्हणाला, "ही नऊ घरं बघा. दक्षिणेस गावकूस. आता नव्या जागेला गावकूस नाही, बांधायची तरतूदही नाही. मोकळं गायरान आहे, मी फूटपट्टीनं आखणार. मग या नऊ घरांच्या दक्षिणेस मी काय दाखवू?"

शलमोन त्याच्याकडं बघत राहिला. एवढी साधी गोष्ट. भिंत नेता येत नाही, माणसं नेता येतात.

तो पायऱ्या चढून वर आला. आजवर चावडीची वरची पायरी त्याच्या पायाला लागली नव्हती. सतरंजीवर बसला, दौत पुढं ओढली आणि पहिलं घर काढलं. "दक्षिणेस," तो मोठ्यानं म्हणाला आणि 'गावकूस' या शब्दावर आडवी रेघ मारली. "दक्षिणेस दाविद साळवे याचे घर." दुसरं घर काढलं, रेघ मारली. "दक्षिणेस शाळा."

"ओ मास्तर, थांबा!" कारकून म्हणाला. "अशी खाडाखोड चालायची नाही. प्रत्येक खाडाखोडीशेजारी त्या घरवाल्याचा अंगठा लागेल. त्याला हा शेजार कबूल आहे म्हणून."

आता खरी गोष्ट समोर आली. नऊ घरं, नऊ अंगठे. गावकरी एकमेकांकडं बघायला लागले. कुणी पागोटं सारखं केलं, कुणी तंबाखू काढली. शेजार म्हणजे गंमत नाही. शेजार म्हणजे एक अंगण, एक पन्हाळ, सकाळी उठल्यावर पहिलं तोंड. शलमोननं कुणाला विनवणी केली नाही. त्यानं तिसरं घर काढलं, रेघ मारली, नाव लिहिलं. चौथं काढलं. रेघा सरळ येत होत्या.

"आरं, सरका," मागून आवाज आला. दगडाबाई माणसांना कोपरानं ढकलत पुढं आली. "माजं घर कंचं? दाव. हां. माज्या मागं कुनाला लिवलंस?"

"हन्नाला," शलमोन म्हणाला. "आमचंच घर."

"मग आदी का न्हाई लिवलं, येड्या? कोंबडीला बी ठावं हुतं." तिनं अंगठा शाईत बुडवला आणि वहीवर दाबला, तो असा की ठसा पुढच्या पानावर उमटला.

त्यानंतर एक धनगर उठला. तो म्हणाला, रानात मेंढरं बसवताना कुनाचा शेजार हुता ते आपुन कधी इचारलं न्हाई. मग दोघं भाऊ उठले, त्यांची पोरं शाळेत होती. मग आणखी दोघे आले, एक सगळे उठले म्हणून आणि एक बायकोनं मागून ढोसलं म्हणून. सहा झाले. तिघं उठले नाहीत. शलमोननं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी जमिनीकडं पाहिलं.

"या तिघांच्या दक्षिणेस?" कारकुनानं विचारलं.

"रस्ता लिहा," शलमोन म्हणाला. "सरकारी रस्ता. त्याच्यावरनं सगळेच जातील, तेही जातील." कारकुनानं तसं लिहिलं. मग शलमोननं आळीतल्या प्रत्येक घराच्या चारी बाजू त्या नऊ घरांच्या जोडीला लिहून काढल्या, आणि बाराच्या बारा घरं व शाळा कागदावर आली.

राहिली शेवटची ओळ आणि पाटलाची सही. सही आधीच्या लोकसंख्येखाली होती, ती रद्द करून नवी करायची होती. बन्सी पाटील लेखणी हातात धरून बसला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. त्याच्या बापानं, आजानं असली सही केली नव्हती, आणि नऊ घरांपैकी तीन उठली नव्हती हे तो विसरला नव्हता. त्या तिघांत त्याचा चुलतभाऊ होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमची मानसं किती?"

शलमोनला सांगता येईना. त्यानं मोजलीच नव्हती. उत्तर खालून आलं, हन्नाचं. "अठ्ठावन. काल दाविदच्या घरी पोरगी झाली ती धरून."

शलमोननं वहीच्या कडेला मांडणी केली. दोनशे एकसष्ट, त्यात अठ्ठावन्न.

"तीनशे एकोणीस," तो म्हणाला.

पाटलानं हळूच विचारलं, "आन् विलेर?"

"तीनशे बारा."

पाटलाच्या मिशा हलल्या. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं. सातानं जास्त. पंचवीस वर्षं हा माणूस मुळ्याची साखर करणाऱ्या एका खेड्याखाली दबून राहिला होता, आणि गाव आधीपासूनच मोठं होतं. चुलतभावाकडं न बघता त्यानं लेखणी दौतीत बुडवली.

"दोनशे एकसष्ट खोडा," तो म्हणाला. शलमोननं खोडलं आणि शेजारी नवा आकडा लिहिला. पाटलानं खाली सही केली, पहिलीपेक्षा मोठी. मग लेखणी ठेवत म्हणाला, "त्या विलेरवाल्यांना एक कागूद टाका, मास्तर. कळू द्या की."

"तिकडं आता जर्मन बसलाय, पाटील. टपाल जात नाही."

"मग लडाई सपल्यावं टाका. पर टाका."

"टाकीन," शलमोन म्हणाला. तो म्हातारा मेयर आता कुठला जगला असणार, पण त्याला एवढं कळायला हवं होतं की पिंपळखडकची भट्टीही पंचवीस वर्षांनी सापडली.

लोक पांगायला लागले. कारकून आराखडा गुंडाळत होता, तेव्हा दगडाबाईनं त्याचा हात धरला. तिला तिचं नवं घर कागदावर बघायचं होतं. कारकुनानं एक चौकोन दाखवला, त्याला लागून दुसरा चौकोन. दगडाबाईनं खाली उभ्या हन्नाला हाक मारली. हन्ना पायरीपाशी थबकली, मग वर आली. दोघी त्या कागदावर वाकल्या. दोघींपैकी एकीलाही आराखडा कळत नव्हता.

"दार कुनीकडं ठिवू मावशी?" हन्नानं विचारलं.

"माज्या अंगनाकडं ठिव," दगडाबाई म्हणाली. "सकाळच्याला चुलीला इस्तू लागला तर मला लांब जायला नगं."

शलमोन वही बंद करत होता, तो थांबला. गावातल्या चुलीसाठी त्यांच्या आळीतून विस्तव कधी गेला नव्हता. हन्नानं पदर खोचला आणि ती कारकुनाला म्हणाली, "भाऊसायेब, तितं दाराची खून करा."

कारकुनानं पेन्सिल काढून खूण केली.